टोळी निघायच्या आधी

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव बीड जिल्ह्यातलं, जिथून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या निघतात. शाळा मराठी माध्यमाची. बारावीनंतर सीईटी दिली आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात नंबर लागला. घरातून नर्सिंगला गेलेली मी पहिलीच.

पहिल्या सत्रात ॲनाटॉमीनं दमवलं. हाडांची नावंच जिभेवर बसत नव्हती. हॉस्टेलवर आम्ही मैत्रिणी एकमेकींना सगळं मराठीतून समजावायचो आणि मग तेच इंग्रजीतून लिहून काढायचो. पास व्हायला पन्नास टक्के लागतात, ते मिळाले. मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलींना मी हीच पद्धत सांगते, कारण आधी समजलं की लिहायची भाषा मागून येते.

वॉर्डातली पोस्टिंग सुरू झाली आणि मी खऱ्या अर्थानं शिकायला लागले. शीर डोळ्यांनी शोधण्याआधी बोटानं चाचपायची, हे मला एका ज्येष्ठ सिस्टरांनी शिकवलं. लेबर रूममध्ये पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढं सरकतंय त्याचा आलेख, भरायला शिकले. त्यातली अलर्ट लाइन, म्हणजे धोक्याची सूचना देणारी रेघ, गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडतं असं धरून आखलेली असते. आलेख तिच्या उजवीकडे सरकू लागला की डॉक्टरांना लगेच कळवायचं. वेळेवर ओढलेली एक रेघ बाईचा जीव वाचवू शकते, हे तिथं उभं राहूनच कळतं.

पण माझं पुढचं आयुष्य ठरलं ते खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्राच्या पोस्टिंगमध्ये. आशाताईंबरोबर घरोघरी फिरत होतो. पाचव्या महिन्यातल्या एका बाईचा एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, आठच्या आसपास निघाला. गरोदरपणात तो अकराच्या खाली गेला की रक्तक्षय धरतात आणि सातच्या खाली गेला की तो तीव्र धरतात आणि बाईला डॉक्टरांकडे पाठवावं लागतं. तिला लोहाच्या दोन गोळ्या रोज घ्यायला सांगितल्या. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, हे समजावलं. ती म्हणाली, "सिस्टर, गोळ्या घेतल्या की मळमळतंय. आन् दसरा झाला की आमी कोयत्यावर. तितं कोण तपासणार?"

रजिस्टर चाळलं तर तिच्यासारखी कितीतरी नावं होती. ऑक्टोबरपासून पुढचे रकाने कोरे, शेरा एकच, 'स्थलांतरित'. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, एक दिवस काम बुडालं तर खाडा म्हणून पैसे कापले जातात. अशी बाई तपासणीला येत नाही म्हणून तिला बेफिकीर म्हणणं मला पटत नाही. आमच्या जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या किती सर्रास काढल्या जात होत्या, ते सगळ्यांना माहीत आहे. 2019 मध्ये त्यासाठी राज्य सरकारला समिती नेमावी लागली. माझी काकूही याच टोळ्यांमधून जाते, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला राहिलेला नाही.

म्हणून मला समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचंय. सगळे त्याला सीएचओच म्हणतात. मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं आणि सीएचओ तिथंच बसतो. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना ही वाट खुली आहे. मैत्रिणी पुण्या-मुंबईच्या खाजगी हॉस्पिटलांकडे बघतायत, कुणी परदेशाची परीक्षा देतेय. त्यांचंही बरोबरच आहे, घरची कर्जं फेडायचीत. मला मात्र गावाजवळचं उपकेंद्र हवं. टोळी निघायच्या आधी प्रत्येक गरोदर बाईचा एचबी तपासायचा, गोळ्या पुरेशा बांधून द्यायच्या, माता-बाल सुरक्षा कार्ड तिच्या सामानात गेलंय ना ते बघायचं आणि ती जिथं जाणार त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर त्यावर लिहायचा. ज्यांना गोळ्या सोसत नाहीत, त्यांना निघण्याआधीच शिरेतून लोह देता येतं का, हे डॉक्टरांना विचारायचं.

शेवटच्या सत्रातली इंटर्नशिप, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि नंतर भरतीची जाहिरात, एवढं अजून बाकी आहे. हे सगळं आमच्या गावच्या आशाताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "नोकरी लागंल तवा लागंल, यादी आतापासनंच करू की." सुट्टीत गेले तेव्हा आम्ही दोघींनी वही घातली. सध्या तिच्यात नाव, कितवा महिना, शेवटचा एचबी आणि मुकादमाचा फोन एवढंच आहे. कारखाना कोणता, तो रकाना टोळ्या ठरल्या की भरायचा.