पर्मिएट: प्लँटवरचं नाम, भाचीच्या वहीतलं क्रियापद

तुर्भ्याला एमआयडीसीत नोकरी, त्यामुळे 'पर्मिएट' (permeate) हा इंग्रजी शब्द मला आधी नाम म्हणूनच भेटला. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लँटला तीन लाइनी असतात: फीड, पर्मिएट आणि रिजेक्ट. मेम्ब्रेनमधून, म्हणजे गाळणाऱ्या पातळ पडद्यातून, पार होऊन आलेलं पाणी ते पर्मिएट, क्षार घेऊन बाजूने बाहेर पडतं ते रिजेक्ट. नवा पोरगासुद्धा आठवडाभरात "पर्मिएटचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) वाढलाय" असं बिनधास्त बोलायला लागतो. हे मुळात क्रियापद आहे हे त्याला कोणी सांगत नाही, आणि त्याचं काही अडतही नाही.

अडलं ते ऐरोलीच्या माझ्या भाचीचं. स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. तिच्या शब्दकोशात अर्थ दिलाय 'व्यापणे, पसरणे'. "मामा, मग स्प्रेड, पर्व्हेड, पर्मिएट सगळं एकच का?"

एकच नाही. लॅटिनमधलं 'पर' म्हणजे आरपार आणि 'मेआरे' म्हणजे जाणे. दूध ओट्यावर सांडलं तर ते स्प्रेड होतं. पर्मिएट व्हायला समोरच्या वस्तूच्या आत शिरावं लागतं, तेही तिला न फोडता. फोडून घुसलं तर ते पेनिट्रेट. आमच्याकडे पंप एवढा दाब देतो, पण मेम्ब्रेन फाटत नाही. फाटलं की टीडीएस उडतो आणि पाठोपाठ साहेब येतात.

नेरुळच्या आमच्या बिल्डिंगची पश्चिमेकडची भिंत बघा. जुलैत रंगाला फुगे येतात. नखाने एक फोडला की मागून पांढरी पूड सांडते. विटा-सिमेंटातले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागापर्यंत येतात आणि पाणी सुकलं की तिथेच राहतात. मेम्ब्रेन क्षार अडवतं, भिंत उलट आणून देते! चीर मात्र कुठेच दिसत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे याला 'लीकेज' म्हणतात. लीक व्हायला भोक किंवा भेग लागते. इथे पावसाने भिंत पर्मिएट केलीय.

पर्व्हेड बहुतेक वास, भीती, वातावरण यांच्यासाठी. वाशीच्या मसाला मार्केटजवळ मिरचीचा खाट हवेत भरलेला असतो, त्याला दोन्ही क्रियापदं चालतील. भिंतीतल्या पाण्याला पर्व्हेड विचित्र वाटतं.

मराठीत एकाच शब्दावर भागत नाही, आणि मला ते बरं वाटतं. पाणी झिरपतं, लोणचं मुरतं, अत्तर दरवळतं, विष भिनतं. इंग्रजी बातमीत करप्शनने सिस्टिम पर्मिएट केली असेल, तर 'भ्रष्टाचाराने यंत्रणा व्यापली' हे मला फार सौम्य वाटतं. 'नसानसांत भिनलाय' म्हणा की!

वाक्यात वापरताना पुढे थेट कर्म येतं, नाहीतर 'थ्रू' किंवा 'इन्टू'. 'पर्मिएट इन द वॉल' आपल्या तोंडी पटकन येतं, ते टाळायचं. कर्मणी प्रयोगात 'बाय' किंवा 'विथ'. आणि माणूस पर्मिएट होत नाही, कितीही गर्दीची लोकल असली तरी.

भाचीने लगेच वाक्य करून पाठवलं: 'द स्मेल ऑफ सुके बोंबील पर्मिएटेड द होल बिल्डिंग.' व्याकरण चोख. ताईने मात्र मागून फोन खेचून घेतला. "आमच्याच घरचा वास आहे हे त्यात लिहिलेलं नाही ना रे?"