स्पायरचं बुरान आणि भाच्याची 'झेरॉक्स'

भाच्याकडे युरोपात राहायला गेलं की आपला कार्यक्रम आपल्या हातात राहत नाही. पॅरिस झालं, स्वित्झर्लंडचा बर्फ झाला, ऱ्हाइन नदीतली बोट झाली. फोटो भरपूर आहेत, सांगण्यासारखं फारसं नाही. मी मागणी एकच केली होती: जर्मनीतलं स्पायर. भाचा वॉल्डॉर्फला नोकरीला, तिथून हे गाव जवळच. तिथल्या तंत्रज्ञान संग्रहालयात सोव्हिएत युनियनचं स्पेस शटल, म्हणजे बुरान, ठेवलेलं आहे.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद, त्यामुळे सगळी जनता संग्रहालयात. आवारात लुफ्तान्साचं अख्खं जम्बो जेट खांबांवर उंच चढवलंय आणि त्यातून खाली यायला घसरगुंडी आहे. भाचेसून आणि नातू तिकडच्या रांगेत गेले. आम्ही दोघं अवकाशाच्या हॉलमध्ये.

छत्तीस मीटर लांबीचं ते काळं-पांढरं धूड समोर आलं आणि मी काही बोलणार तोच भाचा म्हणाला, "मामा, ही तर नासाच्या शटलची झेरॉक्स आहे!"

माझं डोकंच फिरलं. त्याला दंडाला धरून शेपटीकडे नेलं. म्हटलं, ही चार जेट इंजिनं बघ. नासाच्या कुठल्या शटलला आहेत? ही सुखोई-२७ची एएल-३१. आपल्या ओझरला जी सुखोई-३० बनतात ना, त्यांची इंजिनं याच घराण्यातली. स्पायरचं हे यान अवकाशात गेलेलंच नाही. उतरण्याचा सराव करण्यासाठी बनवलेली ही प्रतिकृती. स्वतःच्या इंजिनांवर धावपट्टीवरून उडायची, वर जाऊन इंजिनं मंद करायची आणि शटलसारखी घसरत खाली यायची. १९८५ ते १९८८ या काळात तिने अशी पंचवीस उड्डाणं केली. पहिल्या उड्डाणाला चालक होते इगोर वोल्क आणि रिमांतास स्तांकेविचुस. या वोल्कला त्याआधी, जुलै १९८४ मध्ये, सल्यूत-७ वर पाठवलं होतं. त्याच स्थानकावर एप्रिलमध्ये आपले राकेश शर्मा राहून आले होते. परत आल्यावर वोल्कला विश्रांती कसली? काही तासांत टीयू-१५४ हे प्रवासी विमान आणि मिग-२५ हे लढाऊ विमान चालवायला बसवलं. बारा दिवस वजनरहित राहिलेला माणूस बुरान नीट उतरवू शकेल का, हे बघायचं होतं.

"पण दिसतं तर तसंच," भाचा.

दिसतं, खरं आहे. आराखड्यात अमेरिकन शटल डोळ्यांसमोर होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण अमेरिकन शटलची मुख्य इंजिनं यानात, तर बुरानला वर न्यायचं सगळं काम एनर्जिया रॉकेटचं. बुरान नसलं तरी ते रॉकेट शंभर टन वर नेऊ शकत होतं.

मग आम्ही लोखंडी जिना चढलो. गुडघ्यांनी तक्रार केली, पण वरून माल ठेवायचा कप्पा दिसतो आणि माझी खरी अडचण तिथे सुरू झाली. एवढी मोठी पोकळी, पण भरायची कशाने?

सोव्हिएत तज्ज्ञांना हाच प्रश्न आधी अमेरिकन शटलबद्दल पडला होता. वर्षाला साठ उड्डाणं, तीस टन वर न्यायचं, सुमारे पंधरा टन खाली आणायचं. हिशेब करून बघितला तर परवडण्यासारखा नव्हताच. म्हणजे यात काहीतरी लष्करी असणार. केल्डिश या सोव्हिएत शास्त्रज्ञाच्या संस्थेत तर शटल वातावरणात बुडी मारून मॉस्कोवर अण्वस्त्र टाकू शकेल, असंही गणित मांडलं गेलं. १९७६ मध्ये बुरानला हिरवा कंदील मिळाला. त्यांच्याकडे आहे म्हणून आपल्याकडे हवं. कशासाठी ते पुढे बघू. शेजाऱ्याने गच्चीवर मजला चढवला म्हणून आपणही चढवावा, तसं.

कामं सुचलीच नाहीत असं मात्र नाही. कक्षेतल्या लेझर अस्त्रांची देखभाल, उपग्रह उचलून परत आणणं, मिर हे अवकाशस्थानक आणि पुढचं मिर-२ यांना मोड्यूल, म्हणजे जोडायचे भाग, पोचवणं. अस्त्रांची सुरुवातच बिघडली: मे १९८७ मध्ये एनर्जियाने स्किफ या लेझर अस्त्राचं ऐंशी टनांचं प्रारूप वर नेलं, त्याने १८० अंश वळायचं ते पूर्ण ३६० अंश वळलं आणि पॅसिफिकमध्ये पडलं. मिरच्या क्रिस्टाल मोड्यूलवर बुरानसाठी खास दार बसवलं होतं. बुरान तिथे कधीच पोचलं नाही. १९९५ मध्ये क्रिस्टालच्या त्या दाराला येऊन लागलं अमेरिकेचं अटलांटिस शटल.

भाचा हसला. मला हसू आलं नाही.

कारण खरोखर अवकाशात गेलेलं दुसरं बुरान चांगलं होतं हो! २९ ऑक्टोबर १९८८ ला ५१ सेकंद उरले असताना उड्डाण थांबवावं लागलं. मग १५ नोव्हेंबरला ते गेलं, पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि आत माणूस नसताना बैकोनूरच्या उड्डाणतळावर स्वतःच उतरलं. उतरताना यंत्रणेने अचानक दिशा बदलली, तेव्हा जमिनीवरच्यांच्या पोटात गोळा आला. पण वारा जोराचा असल्याने तोच मार्ग योग्य होता. एवढं करून पुन्हा कधी उडालं नाही. १९९३ मध्ये कार्यक्रम बंद. १२ मे २००२ ला हँगरचं छप्पर कोसळून ते यान चिरडलं गेलं आणि आठ कामगार दगावले.

स्पायरचं हे सिडनीत तिकीट लावून दाखवलं गेलं, मग बहारीनला अडकलं आणि २००८ मध्ये ऱ्हाइनमधून बोटीने इथे आलं.

स्पायरला अकराव्या शतकातलं कॅथेड्रलही आहे, सम्राटांच्या थडग्यांचं. चालत जाता येतं म्हणतात. ते राहून गेलं आणि भाचेसून त्यावरून अजून नाराज आहे. पण त्या जिन्यावरून मी लवकर खाली यायला तयार नव्हतो, आणि मागचे पर्यटक जर्मनमध्ये काय पुटपुटत होते ते मला कळत नव्हतं, हे बरंच झालं.