पायली, नांगर आणि एक उभी रेघ

पाकिटावर एवढंच लिहिलं होतं: 'रोमन, चांदी, बहुधा दुसरं शतक.' एक जुना संग्रह विकायला निघाला होता, त्यातलं हे डेनेरियस, म्हणजे रोमन साम्राज्याचं चांदीचं नाणं. सोबत 1974 सालची पावती होती, ती बघूनच मी घेतलं. इंग्लंडमध्ये 300 वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली, तर 1996 च्या कायद्याप्रमाणे ती कळवावीच लागतात. चोरून उकरलेला माल आपल्या घरात नको, म्हणून आधी पावती, मग नाणं, हा माझा नियम आहे.

हा नियम मी ठोकर खाऊन शिकले. लीड्सला आल्यावर पहिल्याच वर्षी एका मेळाव्यात मी रोमन सम्राट टायबेरियसचं डेनेरियस घेतलं. बायबलमधल्या 'सीझरचं सीझरला द्या' या प्रसंगातलं नाणं हेच असावं असं मानतात, त्यामुळे त्याला मागणी खूप आणि नकलाही खूप. दोन महिन्यांनी एका लिलावाच्या चित्रांत मला माझंच नाणं दिसलं. चेहरा सारखा असता तर बिघडत नव्हतं, एका ठशातून शेकडो नाणी निघायची. पण हातोड्याच्या घावाखाली चांदीची चकती दर वेळी वेगळी पसरते, काठ वेगळा फाटतो. इथे काठावरची चीर तीच, कपाळावरचा खड्डाही तोच. म्हणजे दोन्ही एकाच साच्यात ओतलेली. भिंगाखाली काठ फिरवून पाहिला, तर जोडाची रेघ कानशीने घासल्याच्या खुणा स्वच्छ दिसल्या. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. ते नाणं मी अजून ठेवलं आहे, नवं काही घेताना शेजारी ठेवून बघायला.

तर, पाकिटातलं डेनेरियस. वजन 3.21 ग्रॅम, व्यास साधारण 18 मिलिमीटर, काठावर एकही शिवण नाही. दर्शनी बाजूला उजवीकडे पाहणारा दाढीवाला चेहरा, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट. दाढी म्हणजे हेड्रियन किंवा त्याच्या नंतरचा कुणीतरी. त्याच्या आधीचे सम्राट बहुतेक सगळे तुळतुळीत. भोवतीची अक्षरं डावीकडे खालून सुरू होतात आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. शब्दांमध्ये जागा नाही, 'यू'च्या जागी 'व्ही', आणि निम्मे शब्द तोडलेले. मी कागदावर गोल काढून जेवढं दिसलं तेवढंच अक्षर मांडलं, अंदाजाचं एकही नाही. 'अँटोनायनस ऑगस्टस पायस, देशाचा पिता', म्हणजे सम्राट अँटोनायनस पायस, इथपर्यंत एका संध्याकाळी वाचून झालं.

पुढे खरी गंमत. सम्राटाला जनतेच्या प्रतिनिधीचा जो अधिकार असे, त्याचं दरवर्षी 10 डिसेंबरला नूतनीकरण व्हायचं आणि त्याचा आकडा नाण्यावर यायचा. म्हणजे आकडा वाचता आला तर वर्ष हातात येतं. माझ्या नाण्यावर एक फुली आणि एक उभी रेघ दिसत होती: रोमन आकड्यांत अकरा. मी 147-148 लिहून मोकळी झाले.

आमच्या गावच्या नाणेमंडळात ऐंशीच्या पुढचे एक आजोबा येतात. त्यांनी नाणं हातात घेतलं, वरचा दिवा बंद करायला लावला आणि छोटी बॅटरी टेबलाला टेकवून आडवा उजेड पाडला. "समोरून उजेड दिलास तर झिजलेलं अक्षर मरतं," ते म्हणाले. "बाजूने दे, सावली पडेल." पडली. काठाला चिकटून, केसाएवढी, आणखी एक उभी रेघ. बारा. डिसेंबर 148 ते डिसेंबर 149. एका रेघेने माझं नाणं एका वर्षाने पुढे सरकलं, आणि तेव्हापासून मी बॅटरीशिवाय नाणं वाचत नाही.

मागच्या बाजूने मला जास्त दमवलं. उभी स्त्री, भोवती 'चौथ्यांदा कॉन्सल' (रोममधलं एक सर्वोच्च पद), पायाशी काहीतरी चौकोनी-गोल. मी वेदी समजले. वेदीवरच्या सापाला खाऊ घालणारी आरोग्यदेवता सेलस पायसच्या नाण्यांवर येते, आणि हातातली वाकडी रेघ मला सापच वाटली. रविवारी नाशिकला आईशी व्हिडिओवर बोलताना मोठा केलेला फोटो दाखवला. ती म्हणाली, "अगं, वेदी कसली? पायली आहे ती. वर धान्याची रास बघ, शिगोशीग भरलीय. आणि हातात कणसं आहेत."

मी परत भिंग लावलं. मापाला पाय होते, वर दाण्यांचे ठिपके होते, आणि साप म्हणून पाहिलेली रेघ म्हणजे खाली झुकलेलं कणीस होतं. दुसऱ्या हातात जहाजाचा नांगर. ही अन्नोना, रोमच्या धान्यपुरवठ्याची देवता. रोमचं पोट इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेहून समुद्रमार्गे येणाऱ्या गव्हावर भरायचं, म्हणून माप आणि नांगर एकत्र. धान्य वेळेवर येईल ही सम्राटाची हमी सैनिकापासून कासारापर्यंत प्रत्येकाच्या मुठीत पोचत होती. अमेरिकन नाणेशास्त्र संस्थेच्या ऑनलाइन सूचीत हीच जोडी सापडली: बारावं वर्ष, अन्नोना, रोमची टांकसाळ.

आता हे नाणं ट्रेमध्ये दोन नाण्यांच्या शेजारी आहे. एक सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचं डेनेरियस, पायसनंतर जेमतेम पन्नास वर्षांचं. त्यात चांदी साधारण निम्मीच. दुसरं 260 नंतरचं सम्राट गॅलिएनसचं, चांदी म्हणवणारं पण तांब्याचा लालसर रंग उघड दाखवणारं. ऑगस्टसच्या डेनेरियसात जवळजवळ शुद्ध चांदी असे. नीरोने 64 साली वजन आणि कस दोन्ही घटवले, आणि पुढे घसरण चालू राहिली. नुसत्या रंगावर मात्र विसंबता येत नाही. चकती आम्लात बुडवून वरचं तांबं काढून टाकत, त्यामुळे वरवरची चांदी आतल्यापेक्षा उजळ दिसते.

भारतीय व्यापाऱ्यांना हा कस नक्की कळत होता असं मला वाटतं. भारतात सापडलेल्या डेनेरियसांत ऑगस्टस आणि टायबेरियसचीच फार मोठी संख्या आहे, तीही मुख्यतः दक्षिणेत. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात भडोचला सोन्याचांदीची रोमन नाणी स्थानिक पैशात बदलून नफा मिळतो असं लिहिलंय, आणि तिथल्या राजाचं जे नाव दिलंय तो बहुतेक अभ्यासक क्षत्रप राजा नहपान मानतात. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये नहपानाची 13,000 हून जास्त चांदीची नाणी निघाली, त्यांतल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. शाळेत असताना नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात एका राजाच्या नाकावरून दुसऱ्याची खूण गेलेली मी पाहिली होती. तो चेहरा माझ्या डोक्यातून कधीच गेला नाही.

आईने शेवटी विचारलं, "एवढं काळं का ठेवलंस? रांगोळीने घास, लख्ख होईल." तिला समजावलं की रांगोळी, चिंच, दंतमंजन, काहीच नको. तो काळेपणा चांदीवर शतकांनी चढवलेला थर आहे, तो गेला की अक्षरांच्या कडाही जातात. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातही नाणं ठेवत नाही, त्याचा हिरवट चिकट थर चांदीला लागतो.

जुनं पाकीट जपून ठेवलं आणि नव्या कागदी पाकिटावर मराठीतच लिहिलं: अँटोनायनस पायस, रोम, डिसेंबर 148 ते डिसेंबर 149, अन्नोना, 3.21 ग्रॅम. खाली कंसात: पायली आईने ओळखली.