विनिपेगमधली गाडी आणि नाशिकची सकाळ

कॅनडातल्या विनिपेगला नव्याने आलेल्या माणसाला हिवाळ्यात एक दृश्य हमखास बुचकळ्यात टाकते. उभ्या असलेल्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेची एक आखूड वायर आणि तिचा प्लग लोंबत असतो. आईने व्हिडिओ कॉलवर आमच्या इमारतीचे पार्किंग पाहिले, तेव्हा येथे सगळ्यांनीच इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या आहेत असा तिचा समज झाला होता. प्रत्यक्षात ती ब्लॉक हीटरची वायर असते. इंजिनातल्या कूलंटला, म्हणजे इंजिनाचे तापमान आवरणाऱ्या द्रवाला, रात्रभर ऊब देणारी ती काही शे वॅटची कॉइल नसेल, तर जानेवारीतल्या कित्येक सकाळी या शहरातल्या निम्म्या गाड्या जागच्या हलणार नाहीत.

आमची गाडी 2003 सालची, जपानी बनावटीची, आमच्याकडे येईपर्यंत दोन मालक पाहिलेली. गेल्या जानेवारीत तिने एक विचित्र खोड धरली. घरी हीटर लावून ठेवला की सकाळी थोडी कुरकुरत का होईना सुरू व्हायची. ऑफिसच्या पार्किंगमध्ये मात्र प्लगची सोय नाही, त्यामुळे तेथे आठ-नऊ तास उभी राहिल्यावर संध्याकाळी सेल्फ मारला की इंजिन फिरायचे, पण पकडायचे नाही. दहा-बारा प्रयत्नांनंतर कधी एखादा सिलिंडर पेटल्यासारखा वाटायचा, गाडी एकदा थरथरायची आणि पुन्हा शांत व्हायची.

थंडीत गाडी सुरू झाली नाही की पहिला संशय बॅटरीवर जातो, आणि तो अनाठायी नसतो, कारण उणे 18 अंशांना शिसे-आम्लाच्या बॅटरीची ताकद उन्हाळ्याच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर येते आणि त्याच वेळी दाट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला अधिक जोर लागतो. पण बॅटरी कमी पडली तर सेल्फचा आवाज रडका होतो, किंवा नुसती टकटक ऐकू येते. आमचे इंजिन सावकाश पण एका लयीत फिरत होते. हा फरक मला तेव्हा कळत असता तर नव्या बॅटरीचे पैसे वाचले असते. त्याआधी पेट्रोलच्या नळीतले पाणी गोठले असेल या शंकेने टाकीत अल्कोहोलची बाटली ओतून झाली होती, तिचाही उपयोग झाला नव्हता.

मग गाडी टो करून गॅरेजमध्ये नेली. तेथे ती रात्रभर आत राहिली, सकाळी मेकॅनिकने किल्ली फिरवली आणि ती पहिल्याच फटक्यात सुरू झाली. त्याने तपासणीचे पैसे घेतले आणि काहीही दोष नसल्याचे सांगितले. मी चिडले होते खरी, पण आता विचार करते तेव्हा वाटते की तो खोटे बोलत नव्हता. गॅरेज उबदार होते, गाडीही रात्रभरात उबदार झाली होती, आणि त्या तापमानाला तिच्यात खरोखरच दोष दिसत नव्हता. डॉक्टरकडे गेल्यावर दात दुखायचा थांबतो, तसाच हा प्रकार.

खरी दिशा दाखवली ती आमच्या मजल्यावर राहणाऱ्या एका फिलिपिनो काकांनी, ज्यांनी उमेदीची वर्षे ट्रकांच्या इंजिनांत घालवली आहेत. एका संध्याकाळी ते माझ्याबरोबर ऑफिसच्या पार्किंगमध्ये आले, मला सेल्फ मारायला सांगून स्वतः मागे गेले आणि एग्झॉस्टजवळ वाकून वास घेतला. इतका वेळ सेल्फ मारल्यावर तेथे पेट्रोलचा उग्र वास यायला हवा होता, तो जवळजवळ नव्हता. मग त्यांनी हवेच्या नळीत स्टार्टिंग फ्लुइडचा अगदी छोटा फवारा मारला. (ईथर असलेला हा द्रव अतिशय ज्वालाग्राही असतो, तेव्हा हा प्रयोग अनुभवी माणसाशिवाय कोणी करू नये.) इंजिन दोन सेकंद जोरात धडधडले आणि बंद पडले. म्हणजे ठिणगी पडत होती, दाबही होता, कमी पडत होते ते पेट्रोल. पण पंप किंवा फिल्टर बिघडला असता तर महामार्गावर वेग घेतानाही गाडी अडखळली असती, आणि तेथे तर ती व्यवस्थित धावत होती.

येथे मला नाशिकची, बाबांच्या स्कूटरची आठवण झाली. डिसेंबरातल्या सकाळी बाबा चोक ओढून किक मारायचे आणि इंजिन तापले की चोक आत ढकलायचे. थंड इंजिनात पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही, म्हणून मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते, आणि चोक तेच काम करतो. आजच्या गाडीत चोकची दांडी नसते. कूलंटमध्ये बसवलेला तापमानाचा सेन्सर इंजिन किती थंड आहे ते संगणकाला सांगतो आणि संगणक त्यानुसार पेट्रोल वाढवतो. मग हा सेन्सरच चुकीचे सांगत असेल तर?

गाडीच्या संगणकातली माहिती बाहेर वाचता यावी म्हणून अमेरिकेत 1996 पासून बंधनकारक झालेला ओबीडी-2 पोर्ट आमच्याही गाडीत डॅशबोर्डखाली आहे. त्यात लावायचा स्वस्तातला रीडर मी मागवला. बिघाडाचा एकही कोड त्यात साठलेला नव्हता. घरी हीटर लावलेल्या गाडीत सकाळी पाहिले तर कूलंट 27 अंश दाखवत होते, आणि मी चक्क हीटरचे कौतुक केले. चूक तेथेच झाली, कारण हीटर चालू असताना कोणता आकडा खरा आणि कोणता खोटा हे ठरवायला काही आधारच उरत नाही. काका म्हणाले, एक रात्र हीटर न लावता गाडी उभी ठेवा, आणि सकाळी सेल्फ न मारता फक्त किल्ली चालू करून दोन आकडे पाहा, एक कूलंटचा आणि दुसरा आत येणाऱ्या हवेचा. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत ते जवळजवळ सारखे असले पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर विंडचिल उणे 40 सांगत होते. विंडचिल म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी, ती आपल्या कातडीसाठी असते. वाऱ्यामुळे गाडी लवकर गार होते, पण बाहेरच्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही, त्यामुळे तो आकडा येथे बाजूला ठेवायचा. हवेचा सेन्सर उणे 28 दाखवत होता आणि कूलंटचा अधिक 16. विनिपेगच्या बर्फात उभ्या असलेल्या माझ्या गाडीची समजूत अशी होती की ती नाशिकमध्ये थंडीतल्या एका प्रसन्न सकाळी उभी आहे, आणि त्या हिशेबाने ती बेताचेच पेट्रोल सोडत होती. 16 अंश हा आकडा अशक्य कोटीतला नसल्यामुळे संगणकालाही संशय आला नाही आणि धोक्याचा दिवा लागला नाही.

सेन्सर काढण्याचे काम मात्र वाटले तितके सोपे नव्हते. त्या थंडीत मल्टिमीटरच्या पडद्यावरचे आकडे सुस्तावतात, हातमोजे काढून दोन मिनिटेही काम होत नाही, आणि वीस वर्षांच्या प्लास्टिकची खिट्टी गारठून इतकी ठिसूळ झालेली असते की बोट लावताच तुटते. ती तुटलीच. नवा सेन्सर लगेच बसवला, पण जुना मी फेकला नाही, कारण तो खोटे कसे बोलत होता हे मला पाहायचे होते.

हा सेन्सर म्हणजे तापमान उतरले की ज्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो असा थर्मिस्टर असतो. या जातीच्या सेन्सरचा रोध साधारणपणे 20 अंशांना अडीच किलोओहम, उणे 20 ला 15 किलोओहमच्या आसपास आणि 80 अंशांना जेमतेम 300 ओहम असतो. मी जुना सेन्सर फ्रीजरमध्ये ठेवला. उणे 18 ला तो 14 किलोओहमच्या जवळ असायला हवा होता, पण मीटरवर आले 2.6. मग उकळत्या पाण्यात टोक बुडवले, तर तेथे आकडा जवळजवळ बरोबर! शाळेत शिकलेला समांतर रोधांचा नियम आठवला आणि कोडे सुटले. सेन्सरच्या आत कोठेतरी तीन-साडेतीन किलोओहमची एक चोरवाट तयार झाली होती. इंजिन तापलेले असते तेव्हा थर्मिस्टरचा रोध त्या चोरवाटेच्या तुलनेत इतका कमी असतो की चोरवाट असून नसल्यासारखीच. थंडी वाढत जाते तसा थर्मिस्टरचा रोध वाढतो, वीज सोपी वाट धरते आणि खोटेपणाही वाढत जातो. गॅरेजमधल्या मेकॅनिकने आकडा पाहिला असता तर त्याला खोलीच्या तापमानापेक्षा पंधरा-सोळा अंश जास्त दिसले असते, आणि नुकत्याच सुरू केलेल्या इंजिनात ते कोणालाही खटकले नसते.

त्यानंतरच्या रात्री मी मुद्दाम हीटर लावला नाही. सकाळी हवा उणे 27, कूलंट उणे 26. सेल्फ मारला, इंजिन जडपणे तीन-चार वेळा फिरले आणि पकडले. सुरुवातीला मागून दाट पांढरी वाफ आणि पेट्रोलचा भरपूर वास आला, आणि वास घ्यायला काका तेथे मागेच उभे होते. तुटलेल्या खिट्टीच्या जागी त्यांनी आवळून दिलेली केबल टाय अजून तशीच आहे.