सर्जन व्हायचे आहे, तर पीयूसीत (अकरावी-बारावीत) काय करावे?

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातील दहावीचा, निकाल लागला की आमच्या बेळगावच्या वडगावातील एखादे कुटुंब मुलाला किंवा मुलीला घेऊन घरी येते आणि मला सर्जन होण्याचा मार्ग विचारते. यंदा आलेल्या मुलीच्या पिशवीत टाक्यांच्या सरावाचा, ऑनलाइन मागवलेला संच होता. शोधनिबंध कधी लिहायचा, शस्त्रक्रिया पाहायला कोणाकडे जायचे, असे प्रश्नही तिने वहीत लिहून आणले होते. तिची तळमळ खरी होती, म्हणूनच मी तिला स्पष्ट सांगितले की हे प्रश्न अमेरिकेतील विद्यार्थ्यांचे आहेत. तिकडे वैद्यकीय प्रवेशासाठी अनुभव आणि मुलाखतही पाहिली जाते. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश नीट या देशभरातील प्रवेश परीक्षेच्या गुणांवर आणि पुढे सर्जरीची जागा नीट पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतील क्रमांकावर मिळते.

वडिलांना मी आधी वर्षे मोजून दाखवली. एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे 1 वर्ष, मग एमएस जनरल सर्जरीची 3 वर्षे, आणि मेंदूची किंवा लहान मुलांची शस्त्रक्रिया करायची असेल तर बहुधा नीट एसएस ही पुढची प्रवेश परीक्षा देऊन एमसीएच या त्यावरच्या पदवीची आणखी 3 वर्षे. अठराव्या वर्षी सुरुवात केली आणि कोठेही वर्ष वाया गेले नाही, तरी तिशी येते. यंत्रमागावर घर चालवणाऱ्या माणसाला हा हिशेब पहिल्याच दिवशी कळला पाहिजे, कारण मध्येच कळला तर मुलीचे शिक्षण अडते.

नीटच्या 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी 45 असतात. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात, चुकल्यास 1 गुण वजा होतो. सर्जन व्हायचे म्हणणारी मुले जीवशास्त्र आवडीने वाचतात आणि भौतिकशास्त्र उद्यावर ढकलतात. माझ्या अनुभवात क्रमांक तिथेच घसरतो.

आपल्या सीमाभागातील मुलांची खरी अडचण मात्र भाषेची आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले मूल पीयूसीच्या पहिल्या दिवशी इंग्रजीत बसते; कालपर्यंत ज्याला ते स्वादुपिंड म्हणत होते ते आता पॅन्क्रियाज होते, ऊतीची टिश्यू होते, आणि समजलेली गोष्टही परकी वाटू लागते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत निघते हे खरे, पण ती महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते. बेळगावात बसणाऱ्याला इंग्रजीशी जमवून घ्यावेच लागते. म्हणून मी त्या मुलीला वहीचे पान तीन रकान्यांत आखायला लावले. पहिल्यात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी आणि तिसऱ्यात कन्नड.

तिसरा रकाना कशासाठी, असे तिने विचारले. शाळेत कन्नड हा विषय मीही केवळ उत्तीर्ण होण्यापुरता शिकलो होतो आणि त्याची किंमत इंटर्नशिपमध्ये मोजली. एका रात्री बैलहोंगल भागातील एक बाई पोटदुखीने आल्या. कोठे दुखते, एवढे मी मोडक्या कन्नडमध्ये विचारले. त्यांनी उजवीकडे कमरेजवळ हात ठेवला आणि मी कागदावर मुतखड्याची शंका लिहिली. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरनी त्यांच्याकडे वाकून विचारले, "अक्का, मोदल एल्ली ब्यानी इत्तु?" म्हणजे आधी कोठे दुखत होते? बाईंनी बोट बेंबीवर ठेवले आणि तेथून हळूहळू उजव्या बाजूला खाली आणले. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारे दुखणे ही अपेंडिक्सच्या सुजेची पाठ्यपुस्तकातील खूण मला तोंडपाठ होती, परंतु ती बाहेर काढणारा प्रश्न मला विचारता आला नव्हता. पुस्तकी कन्नडमधला 'नोवु' मला ठाऊक होता, खेड्यातील 'ब्यानी' नव्हता. त्या बाईंवर पहाटे शस्त्रक्रिया झाली आणि त्या बऱ्या होऊन घरी गेल्या; तो कागद मात्र मी अजून विसरलेलो नाही.

हाताच्या तयारीविषयी थोडेच सांगतो, कारण टाके घालायला पुढे शिकवले जातेच. माझे वडीलही मागावरच होते. तुटलेला धागा सांधताना ते म्हणत, "गाठ बसू दे, आवळू नको." जखमेचा टाका फार आवळला तर कडांचा रक्तपुरवठा तुटतो आणि जखम भरत नाही, हे सर्जरीच्या वॉर्डात शिकताना मला त्यांची बोटे आठवली. त्यामुळे संच कपाटात ठेवायला सांगून मी त्या मुलीला म्हटले की रविवारी तासभर वडिलांशेजारी बसून धागा सांधायला शिक. त्यात पैसाही जात नाही आणि अभ्यासही बुडत नाही.

पोटाचे पान तिने माझ्यासमोरच लिहायला घेतले. जठर, यकृत, आतडे असे मराठी शब्द भराभर उतरले, इंग्रजीही बहुतेक आठवले. कन्नडचा रकाना रिकामा राहिला, तेव्हा तिचे वडील खुर्ची पुढे ओढून एकेक शब्द सांगू लागले.