कानाजवळचं दुखणं आणि जबड्याचं हाड : माझा अनुभव

डाव्या कानापुढे ठणकायचं, भाकरीचा घास चावताना जास्तच. खानापूरच्या आमच्या डॉक्टरांनी आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. कान स्वच्छ निघाला. त्यांनीच कानापुढे बोट टेकवून तोंड उघडायला लावलं आणि म्हणाले, "ताई, दुखणं कानाचं नाही, जबड्याच्या सांध्याचं आहे. बेळगावला दातांच्या कॉलेजात दाखवा."

तिथे नंबर कन्नडमध्ये पुकारत होते, पण तपासणाऱ्या डॉक्टरबाई मराठीत बोलल्या, त्यामुळे जीवात जीव आला. त्यांनी पट्टी लावून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजलं. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडतं. माझं 31 वर अडकत होतं. मग सांध्यावर स्टेथोस्कोप धरून त्याची टोकं माझ्या कानात दिली. तोंड उघडताना आत बारीक वाळू रगडल्यासारखी खरखर! तो आवाज ऐकून मी हादरलेच. इतके महिने तोंडात हे चाललं होतं.

खरखर ऐकू आली तरी नुसत्या आवाजावर सांध्याचं हाड झिजल्याचं निदान पक्कं होत नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार हाडाची खात्री सीटीने करायची असते. म्हणून सीबीसीटी, म्हणजे सीटीचाच एक प्रकार, जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे. कुड्या, चमकी, मंगळसूत्र सगळं काढून रुमालात बांधलं, हनुवटी टेकवली आणि यंत्र डोक्याभोवती फिरलं. काही सेकंदांचं काम. दुखलं मुळीच नाही.

रिपोर्ट हातात आला तेव्हा मात्र पोटात गोळा आला. डॉक्टरबाईंनी स्क्रीनवर दोन्ही बाजू शेजारी-शेजारी दाखवल्या. उजव्या कॉन्डाइलचं, म्हणजे खालच्या जबड्याच्या कानाजवळच्या टोकाचं, डोकं गोलसर आणि कडेची पांढरी रेघ अखंड. डावीकडे ती रेघ मध्येच तुटलेली. ही हाडाची झीज, इरोजन. पुढच्या कडेला एक छोटं टोक उगवलेलं; तो ऑस्टिओफाइट. डोकंही चपटं झालेलं. पण चपटेपणा एकट्याने दिसला तर निकषांप्रमाणे ते आजाराचं लक्षण धरत नाहीत, हे त्यांनी बजावून सांगितलं. सांध्यातली चकती सीटीत दिसत नाही, तिला एमआरआय लागतो. तो मला तेव्हा सांगितला नाही.

मी विचारलं, रक्ततपासणीत हे कळत नाही का? ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर केले, पण ते संधिवाताचे इतर प्रकार बाजूला काढण्यासाठी. ही झीज दाखवणारी, दवाखान्यात नेहमी वापरावी अशी एकही रक्ततपासणी अजून नाही. सांध्यातल्या द्रवात इंटरल्यूकिन-6, टीएनएफ-अल्फा यांसारखी दाह वाढवणारी प्रथिनं आणि कूर्चा तोडणारी एमएमपी नावाची विकरं सापडतात. त्यावर संशोधन चालू आहे, पण माझ्यासारख्या एका पेशंटचा आजार पुढे कसा जाईल हे त्यावरून ठरवता येत नाही. मला वाटतं, कुणी लाळेच्या किंवा रक्ताच्या तपासणीत हे पक्कं कळेल म्हणून पैसे मागितले, तर आधी चार प्रश्न विचारावेत.

सगळ्यात मोलाचं मला हे कळलं की हाड कितपत बदललंय आणि किती दुखतंय यांचा मेळ असतोच असं नाही. कुणाचं हाड खूप झिजलेलं, पण त्रास नाही. कुणाचं थोडंच, तरी घास चाववत नाही. म्हणून उपचार चित्र बघून नव्हे, माझं दुखणं आणि तोंड किती उघडतं हे बघून ठरले. मऊ खाणं, गरम शेक, थोडे दिवस दुखणं कमी करणारी गोळी, रात्री दातांवर बसवायचा स्प्लिंट आणि आरशासमोर सावकाश तोंड उघडायचा व्यायाम. फरक पडला नाही तर सुयांनी सांधा धुऊन काढायचा, ज्याला आर्थ्रोसेंटेसिस म्हणतात, हा पुढचा टप्पा होता.

तो लागला नाही. खरखर अजून आहे, पण आता भाकरी दुधात कुस्करून न घेता चावून खाते, आणि पट्टीवर 38 दिसतात.