हिरड्यांतून रक्त येत असेल तर साखरही तपासा

ब्रश करताना थुंकीत रक्त दिसलं की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. ब्रश कडक असेल म्हणून नवा आणतात, नाहीतर ती जागा दुखावू नये म्हणून तिथे ब्रश फिरवणंच सोडतात. दुसऱ्या उपायाने रोग वाढतो. निरोगी हिरडीतून मऊ ब्रशने रक्त येत नाही. येतं तेव्हा दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा थर साचून सूज आलेली असते, आणि त्या सुजेचा संबंध तोंडापुरता राहत नाही. आपल्याकडे इंदूरला मधुमेहाची फाइल नसलेलं मराठी घर शोधावं लागेल. त्या फाइलमध्ये डोळ्यांचा रिपोर्ट असतो, किडनीचा असतो, पायांची तपासणी असते. हिरड्यांचा कागद क्वचितच असतो. तो असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आधी हिरडीत काय घडतं ते बघू. दातांवर रोज साचणारा पांढुरका चिकट थर मऊ असतो तोवर ब्रशने निघतो. लाळेतल्या कॅल्शियममुळे तो एक-दोन दिवसांत घट्ट होऊ लागतो आणि त्याचं किटण बनतं. ते घरी कशानेही निघत नाही. खालच्या पटाशीच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला किटण सर्वांत आधी धरतं, कारण लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. त्या खडबडीत पृष्ठावर नवा थर भराभर बसतो, हिरडी सुजून दातापासून सुटते आणि मध्ये फट पडते. दंतवैद्य बारीक खुणांच्या सळईने ही फट प्रत्येक दाताच्या सहा ठिकाणी मोजतात. १ ते ३ मिलिमीटर ठीक. ४ किंवा जास्त असेल तर ब्रश तळापर्यंत पोहोचत नाही, आणि फट आणखी खोल जाते तसं दात धरून ठेवणारं हाड झिजत जातं. हे सगळं बहुधा न दुखता होतं. झिजलेलं हाड सहसा भरून येत नाही. उरलेलं टिकवणं हेच उपचाराचं मुख्य काम.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी इथे विशेष सावध राहावं. निकोटिनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतून रोग वाढत असतानाही रक्त दिसत नाही. त्यांनी रक्ताची वाट न पाहता फट मोजून घ्यावी.

मधुमेह आणि हिरड्या यांचं नातं दोन्ही बाजूंनी चालतं. साखर चढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, जखम उशिरा भरते, हाड लवकर झिजतं. उलट बाजूने, हिरड्यांतल्या जुनाट सुजेतून निघणारी रसायनं रक्तात मिसळतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. म्हणून पथ्य पाळूनही काहींची साखर हटत नाही. हिरड्यांचा रोग असलेल्या मधुमेहींमध्ये दंतवैद्याकडून हिरडीखालच्या किटणाची खोलवर सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची एक तपासणी) सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरतो, असं अनेक चाचण्या एकत्र करून दिसलं आहे. आकडा छोटा वाटेल, पण गोळी न वाढवता तो मिळतो. सफाईनंतर लगेच रिपोर्ट काढण्यात अर्थ नाही. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, तेव्हा तीन महिने थांबा.

हिरडीला वारंवार गळू होणं, तिशी-चाळिशीतच दात हलू लागणं, पटाशीच्या दातांमध्ये नवी फट दिसणं, असं काही असेल आणि मधुमेहाचं निदान झालेलं नसेल, तर एचबीए१सी करून घ्या. ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. मात्र तापात अचानक हिरड्यांतून रक्त आलं तर दातांच्या दवाखान्यात जाऊ नका, सरळ हॉस्पिटल गाठा. पावसाळ्यात आणि नंतर डेंग्यूमध्ये ही धोक्याची खूण असते.

सफाईसाठी मधुमेहींनी सकाळची वेळ घ्यावी, नाश्ता करून, नेहमीची औषधं घेऊन. उपाशी जाण्याने साखर खुर्चीतच उतरते. शेवटचा रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर असू द्या. फट खोल असेल तर बधिरता देऊन दोन ते चार बैठकांत काम होतं, पुढे सुरुवातीला दर तीन महिन्यांनी तपासणी. खर्चाची अडचण असेल तर एम. वाय. हॉस्पिटलजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे; तिथे वेळ जातो, पण काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतं.

‘सफाई केली की दात हलायला लागतात’ हे वाक्य इंदूरच्या रामबागेपासून सुदामानगरपर्यंत ऐकू येतं. हाड आधीच गेलेलं असतं; किटण निघाल्यावर आणि सूज उतरल्यावर ते कळतं, एवढंच. काही दिवस थंड पाणी झोंबतं, दातांमध्ये मोकळी जागा जाणवते. ती जागा किटणाने आणि सुजलेल्या हिरडीने भरलेली होती.

आता घरचं काम. खरी लढाई रात्रीची आहे. झोपेत लाळ फार कमी सुटते आणि आम्ल धुऊन काढणारं दुसरं काही तोंडात नसतं. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, रात्री अकराला मालपुआ-रबडी खाऊन, घरी येऊन तसंच झोपणं हे दातांसाठी सर्वांत वाईट. खाऊ नका असं म्हणणार नाही, सराफा टाळून इंदूरमध्ये राहायचं कशाला! पण उशीर कितीही झाला तरी ब्रश करूनच झोपा. सकाळच्या पोहे-जलेबीचा बाऊ करू नका. गोड खाल्ल्यावर तोंडातलं आम्ल दातांना पोखरण्याइतकं चढतं आणि लाळेला ते उतरवायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. पोह्यांबरोबर जलेबी खाऊन संपवली तर हा फेरा एकदाच होतो. दिवसभरात चार-पाच वेळा साखरेचा चहा आणि मधूनमधून गोळ्या-बिस्किटं घेणाऱ्याच्या दातांना मात्र सावरायला वेळच मिळत नाही.

ब्रश मऊ, डोकं छोटं. हिरडीच्या रेषेवर ४५ अंशांत तिरका टेकवा, अर्धे केस हिरडीच्या कडेखाली शिरू द्या, जागेवरच अगदी छोट्या हालचाली करा, मग दाताच्या टोकाकडे ओढा. एका वेळी दोन-तीन दात. आतली बाजू विसरू नका. पूर्ण तोंडाला दोन मिनिटं लागतात. जोराने आडवं घासल्याने हिरडी वर सरकते आणि दाताच्या मुळाशी खाच पडते. लिंबू किंवा चिंचेचं आंबट खाल्लं असेल, उलटी झाली असेल, तर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास थांबून ब्रश करा. पेस्ट फ्लोराइडची असावी, साधारण १००० पीपीएमची. मोठ्यांना वाटाण्याएवढी पुरते, तीन ते सहा वर्षांच्या मुलांनाही जास्तीत जास्त तेवढीच, तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी. ब्रश झाल्यावर फक्त थुंका, खळखळून चूळ भरू नका. फ्लोराइड दातावर राहू द्या.

एवढं करूनही दोन दातांमधली जागा तशीच राहते, आणि हिरड्यांचा रोग बहुधा तिथूनच सुरू होतो. शेवेचा चुरा, पोह्याचा कण, मांसाचा धागा तिथेच अडकतो आणि माणूस टाचणी नाहीतर काडी घेऊन बसतो. टाचणीने हिरडी फाटते, लाकडाचा तुकडा आत मोडतो. दात घट्ट चिकटलेले असतील तर फ्लॉस वापरा: ४० ते ४५ सेंटिमीटर दोरा दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळायचा, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर ताणून धरायचा, करवतीसारखा हळू सरकवत आत न्यायचा, खाली आपटायचा नाही. मग एका दाताला वळसा घालून हिरडीच्या किंचित खालून वर ओढायचा, नंतर शेजारच्या दाताला. दातांमध्ये फटी पडल्या असतील, आणि चाळिशीनंतर बऱ्याच जणांना पडलेल्या असतात, तर दातांमधला छोटा ब्रश जास्त कामाचा. तो वेगवेगळ्या मापांत मिळतो आणि एकाच तोंडात दोन मापं लागू शकतात. आत जाताना केस थोडे घासले पाहिजेत, तार दाताला लागता कामा नये. जोर लावून घुसवावा लागला तर माप मोठं आहे. पेस्टशिवाय, दिवसातून एकदा, रात्री ब्रशच्या आधी.

पहिला आठवडा रक्त येईल. थांबू नका. सूज उतरते तसं ते दहा-चौदा दिवसांत बंद होतं. दोन आठवड्यांनंतरही येत असेल, तर आत किटण आहे असं समजून तपासणीला जा.

लाल मंजन, राखुंडी, कोळशाची पूड दाताचं वरचं आवरण झिजवतात. मिश्रीत तर तंबाखूच आहे. तेलाच्या चुळांनी नुकसान नाही, पण त्या ब्रशची जागा घेत नाहीत. मिठाच्या कोमट पाण्याने दुखऱ्या हिरडीला आराम पडतो, थर निघत नाही. क्लोरहेक्सिडिनचं ०.२ टक्क्यांचं औषधी पाणी लोक महिनोन्‌महिने वापरतात, हे चूक आहे. १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा, तेही सांगितलेल्या मुदतीपुरतंच, सहसा दोन आठवडे. जास्त वापरलं तर दात तपकिरी पडतात, चव बदलते. पेस्ट आणि ते पाणी यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, नाहीतर पेस्टमधल्या फेसाने त्याचा असर जातो.

काही गोळ्यांचा हिरड्यांवर थेट परिणाम होतो. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनने आणि फिटच्या फेनिटॉइनने काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. बदल शक्य असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही दात काढण्यासाठी परस्पर थांबवायच्या नाहीत. हाडं ठिसूळ झाल्यावर झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन दिलं जातं. ते सुरू करायच्या आधी दातांची कामं उरकून घ्यावीत, कारण नंतर दात काढल्यास क्वचित जबड्याचं हाड भरत नाही. गरोदरपणात हिरड्या सुजतात, सफाई बिनधोक करता येते, चौथा ते सहावा महिना सोयीचा. हृदयाबद्दल मात्र जपून बोलावं. हिरड्यांचा रोग आणि हृदयविकार एकत्र आढळतात हे खरं, पण सफाईने झटका टळतो हे सिद्ध नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये हेच सांगितलं. कृत्रिम झडप असेल तर दातांच्या कामाआधी प्रतिजैविक लागतं, ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

सुपारीवर थोडं स्पष्टच लिहितो. मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण पान मसाला आणि तंबाखूची पुडी वेगळी मिळते, आणि जेवणानंतरची सुपारी तर घराघरांत पाहुण्यांपुढे ठेवली जाते. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे. तिच्याने गालाच्या आतली त्वचा पांढरी आणि ताठ होते, तिखट झोंबतं, तोंड उघडेनासं होतं. तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांत जातात का ते बघा. जात नसतील तर उशीर करू नका. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोही दाखवा.

घरात अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा असतील तर त्यांचं तोंड साफ ठेवणं ही न्यूमोनियाविरुद्धची काळजी आहे, कारण गिळताना ठसका लागून तोंडातले जंतू फुफ्फुसात उतरतात. पाठ ३० ते ४५ अंश उचला, मान एका बाजूला वळवा, लहान मुलांचा मऊ ब्रश जेमतेम ओला करा, पेस्ट नावापुरती. पाणी तोंडात ओतू नका. ओल्या गॉजने गाल, जीभ, हिरड्या पुसून घ्या, दात नसले तरी. दिवसातून दोनदा. कवळी रात्री काढून, भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबाने मऊ ब्रशने घासून थंड पाण्यात ठेवा. पेस्टने तिच्यावर चरे पडतात, गरम पाण्याने ती वाकते, आणि रात्रभर तोंडात राहिली तर टाळूवर बुरशी धरते. ओठ सुकत असतील तर पातळ व्हॅसलिन लावा, आणि घास भरवण्याआधी गालाच्या खोबणीत मागचा घास अडकलेला नाही ना, हे दरवेळी बोटाने तपासा.